उन्हातील माणसे आणि सावलीतील आपण

घस्सान कनफानी या पॅलेस्टिनी लेखकाची ‘रिजाल फिश्-शम्स’, म्हणजे ‘उन्हातील माणसे’, ही लहानशी अरबी कादंबरी १९६३ साली बेरूत येथे प्रसिद्ध झाली. १९७८ पासून ती इंग्रजीतही वाचावयास मिळते. दिव्यांच्या दिवसांत अशा करुण कथेची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पण शेजारी फराळाचे ताट पाठविल्यावाचून आपला सण पुरा होत नाही. आणि शेजार कोठवर मानावयाचा, हाच पेच या कादंबरीने वाचकापुढे टाकला आहे.

१९४८ च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. त्यांपैकी तिघे दहा वर्षांनी बसऱ्यास येतात. म्हातारा अबू कैस आपली ऑलिव्हची झाडे विसरू शकत नाही. असद तरणाबांड आहे. आणि मरवान हा आईच्या पोटासाठी शाळा सोडून निघालेला पोरगा. तिघांनाही कुवेतमध्ये मजुरी हवी आहे, पण कागदपत्रे कोणापाशीच नाहीत. एक ट्रकड्रायव्हर त्यांना पाण्याच्या रिकाम्या टाकीत दडवून सरहद्दीपार नेण्याचे कबूल करतो. ऑगस्टचे ऊन. पहिली चौकी कशीबशी पार पडते. दुसऱ्या चौकीवर थंड हवेच्या खोलीत बसलेला अंमलदार ड्रायव्हरची एका नर्तकीवरून थट्टा आरंभतो आणि सही रेंगाळते. ड्रायव्हर परततो तेव्हा टाकीतील तिघेही मेलेले असतात. प्रेते उकिरड्यापाशी टाकून निघालेल्या त्या माणसाला एकच कोडे छळते: यांनी आतून पत्रा का वाजविला नाही?

या कादंबरीचे खरे सामर्थ्य मला त्या अंमलदारात दिसते. तो कोणाचा वैरी नाही. चांगला गप्पिष्ट, खुशालचेंडू गृहस्थ आहे. दुष्ट माणूस रंगविणे आम्हां कादंबरीकारांना सोपे जाते. कनफानींनी तो मोह टाळला. त्यांची माणसे कोणाच्या क्रौर्याने मरत नाहीत, कोणाच्या तरी फुरसतीने मरतात.

दुसरे एक पात्र माझ्यासारख्या शाळामास्तराला विशेष जवळचे वाटते. अबू कैसच्या गावचे उस्ताद सलीम वर्गात भूगोल शिकवीत असताना हा म्हातारा खिडकीशी उभा राहून ऐके. बसऱ्याच्या नदीकाठी त्याला तोच धडा आठवतो. कनफानी स्वतः मास्तर होते. १९३६ साली अक्का येथे जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी निर्वासित झाला आणि पुढे दमास्कसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित शाळेत शिकवू लागला. नंतर ते एका सशस्त्र संघटनेचे प्रवक्ते झाले. तिचे हिंसेचे मार्ग मला मान्य नाहीत. ८ जुलै १९७२ रोजी बेरूतमध्ये मोटारीतील बाँबस्फोटात ते आणि त्यांची तरुण भाची ठार झाली.

दोषही सांगितले पाहिजेत. ड्रायव्हरला युद्धात झालेली जखम हे हरलेल्या पुढारीपणाचे प्रतीक म्हणून इतके ठळक केले आहे की लेखकाचे बोट दिसते. स्त्रिया तर केवळ सावल्यांसारख्या येऊन जातात.

१९७२ मध्येच तौफिक सालेह यांनी या कथेवर चित्रपट काढला आणि शेवट बदलला. चित्रपटात ती माणसे टाकी ठोठावतात. चौकीतील थंड हवेच्या यंत्रांच्या घरघरीत ते कोणाला ऐकू जात नाही. कलेच्या दृष्टीने मला मूळचा शेवट थोर वाटतो. त्या नि:शब्दतेत कनफानींनी आपल्याच लोकांच्या सोशिकपणाला जाब विचारला आहे. पण तो जाब विचारण्याचा हक्क त्यांचा होता, कारण ते त्या टाकीतलेच होते. लांब सावलीत बसलेल्या आपण तो प्रश्न उचलला, तर तो जाब राहत नाही, पळवाट होते. आपल्याकरिता चित्रपटाचा शेवटच अधिक खरा आहे.

आज तर तोही अपुरा पडतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी मदतीचे पहिले २० ट्रक रफाहच्या फाटकातून आत गेले. मागे कितीतरी तिष्ठत होते. दुसऱ्याच दिवशी भारताचे विमान ६.५ टन औषधे आणि ३२ टन इतर साहित्य घेऊन इजिप्तमधील अल-अरीशकडे निघाले. असे हात अनेक देशांतून पुढे आले. तरी २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे गाझात मदत जाऊ दिली गेली नाही, आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ पडल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले.

कनफानींच्या ट्रकमध्ये माणसे होती. या ट्रकांत पीठ आणि औषधे होती. चौकी मात्र तीच. फरक एवढाच, की आतला ठोठावण्याचा आवाज या वेळी साऱ्या जगाला घरबसल्या ऐकू येत होता. म्हणून नुसते हळहळणे म्हणजे साहाय्य नव्हे. मेजावरची सही वेळेवर व्हावी यासाठी आपापल्या सरकारपाशी आग्रह धरणे, पोचणाऱ्या मदतीत आपला वाटा घालणे आणि मेलेल्या माणसाचा धर्म न विचारता शोक करणे, एवढे तरी त्यात आले पाहिजे. साठ वर्षांपूर्वीची ही कादंबरी आजही वाचावी ती यासाठी. ती मिटल्यावर आपल्याला टाकीतल्या माणसांविषयी काही विचारावेसे वाटत नाही. त्या थंड खोलीत आपली खुर्ची कोणती, एवढेच विचारावेसे वाटते.