मराठी पडद्यावरील स्त्रीचा व्यवसाय

दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही आणि अखेर साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसावे लागले, ही हकीकत आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्या पाठोपाठ घडलेली दुसरी, माझ्या मते अधिक अर्थपूर्ण, घटना बहुधा झाकली जाते. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्याच चित्रात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमला, म्हणजे पुढील काळातील कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. ही मायलेकींची जोडी हौसेने कॅमेऱ्यापुढे आलेली नव्हती. नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरणे हे त्यांच्या उपजीविकेचे साधन होते, आणि पुढे वैधव्य आल्यावर कमलाबाईंनी आपल्या मुलांचे संगोपन केले तेही याच व्यवसायाच्या कमाईवर. भारतीय पडद्यावर उभी राहिलेली पहिली स्त्री ही अशी कमावती स्त्री होती. पण ज्या पडद्याने तिला भूमिका दिली त्या पडद्याने तिच्या कमावतेपणाकडे मात्र दीर्घकाळ पाहिले नाही. कमलाबाईंच्या वाट्याला त्यांच्या स्वतःच्या श्रमांची कथा सांगणारा चित्रपट आला तो 1992 साली, रीना मोहन यांच्या अनुबोधपटाच्या रूपाने.

निश्चयी स्त्रियांच्या चित्रपटांचा विचार करू लागलो म्हणजे प्रथम मनात येतो तो प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या, 1937 साली शांतारामबापूंनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रात वृद्ध वकिलाशी फसवून लावून दिलेले लग्न मनाने आणि देहाने नाकारणारी नीरा शांता आपटे यांनी ज्या तेजाने उभी केली, त्या तेजाला आज इतक्या दशकांनंतरही मराठी पडद्यावर फारशा सोबतिणी मिळालेल्या नाहीत. परंतु नीरेचा सारा निर्धार नकाराचा आहे. काय नको आहे हे ती निःसंदिग्धपणे जाणते. काय करायचे आहे हे विचारण्याची सवड तिला कथा देत नाही, आणि तिची सुटका होते तीही त्या वृद्ध पतीने, काकासाहेबांनी, स्वतःचे जीवन संपविल्यामुळे. त्याच चित्रात काकासाहेबांची एक विधवा, सुशिक्षित, समाजकार्यात रमलेली कन्या येते, नीरेच्या पाठीशी उभी राहते आणि दुय्यम पात्राच्या मर्यादेत विरून जाते. ही भूमिका केली होती शकुंतला परांजपे यांनी, ज्यांनी पुढे संततिनियमनाच्या प्रचाराला स्वतःला वाहून घेतले आणि राज्यसभेचे सदस्यत्वही भूषविले. ज्या स्त्रीजवळ प्रत्यक्षात कार्य होते ती कडेला उभी होती आणि मध्यभागी होती ती निषेध करणारी पत्नी! खुद्द शांता आपटे यांनीही पडद्याबाहेर, कंपनीशी झालेल्या कराराच्या वादात, प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले आणि 1940 साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या मुलींना व्यवहाराच्या चार गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या. नटीच्या नोकरीची ही कैफियत पडद्यावर येण्यास मात्र आणखी जवळजवळ चार दशके जावी लागली.

मधल्या काळात मराठी चित्रपटातील स्त्री कष्ट करीत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. ‘मोलकरीण’, ‘एकटी’ यांसारख्या साठच्या दशकातील चित्रांतून सुलोचनाबाईंनी आपल्या संयत आणि आर्द्र अभिनयाने जी माता साकार केली ती अहोरात्र राबते. पण तिच्या राबण्याला व्यवसायाची प्रतिष्ठा नाही, ते त्यागाचे एक रूप आहे आणि त्याचे फळ सदैव मुलाच्या हाती पडायचे असते. स्त्रीच्या श्रमाकडे त्यागाच्या चष्म्यातून पाहण्याची ही सवय इतकी दृढ झाली की 1991 साली ‘माहेरची साडी’ने चित्रपटगृहे तुडुंब भरली, तेव्हा स्त्रीने किती सोसावे याच्या पलीकडे तिच्याविषयी सांगण्यासारखे काही असू शकते याचाच जणू प्रेक्षकांना विसर पडला होता. त्या चित्राच्या लोकप्रियतेला मी नावे ठेवीत नाही; गावोगावच्या सासुरवाशिणींनी त्यात स्वतःचे दुःख पाहिले, हे खरे आहे आणि ते गंभीर आहे. पण सोसणे आणि करणे या दोन क्रियांतील अंतर पुसले गेले की निश्चयी स्त्रीचा चित्रपटही हळूहळू सोसण्याचाच चित्रपट होतो, आणि आजच्या चरित्रपटांपर्यंत हा दोष वाहत आलेला आहे.

या परंपरेला पहिला खणखणीत छेद दिला तो अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनाने प्रेरित झालेल्या, श्याम बेनेगल यांच्या 1977 सालच्या ‘भूमिका’ने. चित्र हिंदी, पण त्याचे रक्त मराठी. यातील उषा लहानपणापासून घर चालवते, तिच्या कमाईचा हिशेब नवरा ठेवतो, करारही तोच ठरवतो, आणि ज्या पुरुषाकडे ती आसऱ्याला जाते तो तिला वाड्याच्या तटाआड बंदिस्त करतो. हे सारे दुःख आपल्या परिचयाचे आहे. नवीन आहे ती बेनेगलांची नजर, कारण ते उषेला कामावर पाहतात: रंगविलेल्या पडद्यापुढे, दिव्यांच्या उष्म्यात, पुन्हा पुन्हा घेतल्या जाणाऱ्या दृश्यांच्या मध्यंतरात. स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर दृश्य सुरू होताच जो व्यावसायिक उजेड येतो आणि संपताच जो मावळतो, त्यातून कळते की हे काम तिला येते, ते तिने कमावलेले आहे, आणि घरी जे तिला कधीच लाभत नाही ते स्वत्व तिला निदान त्या क्षणापुरते इथे लाभते.

पाच वर्षांनी त्याच स्मिता पाटील ‘उंबरठा’मध्ये सुलभा महाजन झाल्या. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन अशा सामग्रीतून निर्माण झालेले हे चित्र मी या विषयातील मराठीचे सर्वोच्च चित्र मानतो. मात्र ज्या कारणासाठी त्याची सर्वसाधारणपणे वाखाणणी होते त्या कारणासाठी नव्हे. सुलभा घर सोडते, लहानग्या मुलीला जावेच्या हाती सोपवते, परत येते तेव्हा पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते आणि ती पुन्हा निघून जाते. या गृहकथेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या पोटात दडलेली दप्तरकथा मात्र उपेक्षित राहिली. सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते आणि त्या क्षणापासून चित्रपट तिच्या कारभाराचा होतो: कर्मचाऱ्यांची जुनी साखळी, कागदावरचे हिशेब आणि प्रत्यक्षातील उपासमार, व्यवस्थापन समितीच्या बैठका, आश्रमातील स्त्रियांवर डोळा ठेवून असलेला आमदार, अर्ज, मंजुऱ्या, चौकशी आणि शेवटी राजीनामा. प्रशासन हा नाट्याचा विषय होऊ शकतो, शिस्त आणि करुणा यांचा संघर्ष एका खुर्चीत बसलेल्या स्त्रीच्या मनात रोज नव्याने लढला जातो, हे येथे मराठी प्रेक्षकाने कदाचित प्रथमच पाहिले. आणि सुलभा चुकते! आश्रमातील दोन स्त्रियांचे परस्परांवरील प्रेम समजून घेताना तिचे प्रशिक्षण तिला अपुरे पडते, तिच्या सुधारणांनी काहींचे जिणे बदलत नाही, तिच्या डोळ्यांदेखत माणसे हरतात. नायिकेला तिच्या कामात अपुरी पडू देणे हा तिच्या कामाचा केवढा मोठा सन्मान आहे! कारण जे काम खरोखर कठीण आहे त्यातच अपयश संभवते.

या दृष्टीने ‘उंबरठा’चे नाते मराठी चित्रांपेक्षा सत्यजित राय यांच्या 1963 सालच्या ‘महानगर’शी अधिक जवळचे आहे. त्यातील आरती कलकत्त्यात दारोदार फिरून विणकामाची यंत्रे विकते, आपल्या पहिल्या पगाराच्या कोऱ्या नोटा हाती घेऊन आरशात स्वतःला पाहते, आणि सहकारी ॲंग्लो-इंडियन मुलीवर झालेल्या अन्यायाच्या निषेधार्थ, पतीची नोकरी गेलेली असतानाही, राजीनामा देऊन मोकळी होते. सुलभा आणि आरती या दोघींचाही स्वाभिमान घरात नव्हे, कामाच्या जागी कसोटीला लागतो, आणि म्हणूनच तो आपल्याला अमूर्त वाटत नाही.

गेल्या दीड-दोन दशकांत कर्तृत्ववान स्त्रियांच्या चरित्रपटांना भरती आली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. अनंत महादेवन यांचा ‘मी सिंधुताई सपकाळ’, त्यांचाच ‘डॉ. रखमाबाई’, समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ ही चित्रे सद्हेतूने, अभ्यासाने आणि उत्तम अभिनयाने नटलेली आहेत. परंतु ‘आनंदी गोपाळ’सारख्या सुबक चित्रातही मन ज्या ठिकाणी अडखळते ते ठिकाण नेमके कामाचेच आहे. भाग्यश्री मिलिंद यांची आनंदी आणि ललित प्रभाकर यांचा हट्टी, विक्षिप्त गोपाळराव यांचा संसार इतका रंगतो की चित्राचा जीव त्या दांपत्यातच गुंतून राहतो. पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई नेमके काय शिकल्या, शवविच्छेदनाच्या टेबलाशी त्यांनी काय पाहिले, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय प्रबंधासाठी निवडताना त्यांच्या मनात काय होते, या प्रश्नांकडे कथा वळते ती घाईने. 11 मार्च 1886 रोजी मिळालेली पदवी आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात आलेले मरण यांच्यामध्ये एक पुरे वर्षही नाही, त्यामुळे करुणरसाचा मोह कोणाही दिग्दर्शकाला अनावर होणार हे मी समजू शकतो. तथापि अवघ्या एकविसाव्या वर्षी वैद्यकाची पदवी घेतलेल्या बुद्धीचे चित्र काढावयाचे तर त्या बुद्धीला काहीतरी विचार करताना दाखविले पाहिजे. ‘हिरकणी’चेही तसेच: गडावर दूध विकण्याचा रोजचा धंदा करणारी ती गवळण कड्यावरून उतरली ती आई म्हणून, हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्या कड्याची, त्या वाटांची ओळख तिला झाली असेल तर ती त्या धंद्यानेच.

खेळाडू स्त्रियांवरील हिंदी चित्रांना हा दोष कमी लागतो, आणि त्याचे कारण कलेच्या स्वरूपात आहे. ‘मेरी कोम’मधील मुष्टिप्रहार, ‘दंगल’मधील मातीचा आखाडा आणि मॅट, ‘पंगा’मधील रेल्वेत नोकरी करणाऱ्या, आई झालेल्या जयाची पुन्हा कबड्डीच्या मैदानावर उतरण्याची धाप, या साऱ्यांत श्रम कॅमेऱ्याला दिसतो आणि यशापयशाचा निवाडा शिट्टी वाजताच होतो. म्हणून निर्माते तिकडे धावतात. ‘दंगल’मध्ये मात्र हा श्रम मुलींच्या अंगावर आणि निश्चय बापाच्या मनात अशी विभागणी झालेली आहे, तिच्याकडे टाळ्यांच्या गजरात दुर्लक्ष झाले. परिचारिका, तलाठी, एसटीची वाहक, न्यायाधीश यांच्या कामाला अशी शिट्टी नसते. त्यांचे काम सावकाश चालते, पुष्कळदा कागदावर चालते, आणि ते दृश्यमान करण्यास दिग्दर्शकाला तंत्र शोधावे लागते, चिकाटी ठेवावी लागते.

हे तंत्र ज्याने शोधले तो चित्रपट स्त्रीविषयक म्हणून कोणी ओळखत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा एका लोकशाहिरावर भरलेल्या खटल्याचा चित्रपट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याविषयी जे बोलले गेले ते न्यायव्यवस्थेविषयी. पण त्यात गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील नूतन ही माझ्या मते नोकरदार मराठी स्त्रीचे पडद्यावरील सर्वांत सत्य चित्र आहे. न्यायालयात ती कलमे एका सुरात, न थांबता वाचते. न्यायालय सुटल्यावर कॅमेरा तिच्यामागे लोकल गाडीत शिरतो, शेजारणीशी चाललेल्या साडीच्या गप्पा ऐकतो, मुलाला घेऊन ती घरी येते, स्वयंपाकाला लागते, घरच्यांना वाढते. कोणतेही संगीत तिच्या थकव्याची महती गात नाही. तिची जिद्द अधोरेखित केली जात नाही, आणि तरीही दोन नोकऱ्या एकाच देहाने करणारी ही बाई कशी टिकून राहते ते आपल्याला कळते. त्याहून महत्त्वाचे असे की ती ज्या बाजूने झगडते ती बाजू अन्यायाची आहे: एका सफाई कामगाराला गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा हास्यास्पद आरोप ती पूर्ण कर्तव्यदक्षतेने पुढे रेटते आणि वृद्ध शाहीर तिच्या लेखी रोजच्या फायलींपैकी एक फाईल ठरतो.

पुरुष नायकाला हा प्रश्न चित्रपट प्रथमपासून विचारत आलेला आहे की तू करतोस ते काम कसे करतोस, आणि कोणासाठी. सुलभा महाजनला तेंडुलकरांनी तो विचारला, नूतनला ताम्हाण्यांनी विचारला. सिंधुताई, आनंदीबाई, रखमाबाई यांच्यावर यापुढेही चित्रे निघतील आणि निघावीत. सुरत आणि राजकोट येथील रुग्णालयांत कित्येक दशके प्रसूतिगृहे सांभाळणाऱ्या रखमाबाईंना, पतीने भरलेल्या खटल्यातल्या रखमाबाईंइतकीच जागा देणारा दिग्दर्शक त्यांतून पुढे यावा, एवढी माझी मागणी आहे.