दान कोणाचे, शब्द कोणाचा?

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हात घातला, तर आजही एखादे वेळी मॉस्कोत छापलेले मराठी पुस्तक वर येते. पुठ्ठा भक्कम, चित्रे रंगीत, किंमत नाममात्र आणि आत 'प्रगती प्रकाशन' किंवा 'रादुगा' हे नाव. अनिल हवालदार ह्यांच्यासारखे मराठी अनुवादक मॉस्कोत राहून ही कामे करीत. ज्या राज्याने ही पुस्तके आपल्याकडे पाठविली, ते सोव्हिएत संघराज्य डिसेंबर १९९१ मध्ये लयास गेले. पुस्तके मात्र उरली. आमच्या पिढीच्या काही ख्रिस्ती घरांत संतचरित्रांच्या शेजारी गॉर्कीची 'आई' उभी असे, आणि वडीलधाऱ्यांना त्या शेजाराची थोडी धास्तीही वाटत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका आणि रशिया ह्यांच्यात चार दशकांहून अधिक काळ जे शीतयुद्ध चालले, त्याची रणांगणे कोरियात, व्हिएतनाममध्ये, अफगाणिस्तानात होती. मराठी मुलखात ते पुस्तके, नियतकालिके आणि प्रवासाची निमंत्रणे घेऊन आले. एकीकडून समतेचा संदेश येत होता, दुसरीकडून स्वातंत्र्याचा. आणि दोन्ही संदेशांचा टपालखर्च कोणीतरी दूर बसून भरीत होते. अशा काळातील साहित्याकडे समीक्षकाने कसे पाहावे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. 'हा तर प्रचार' असे म्हणून पुस्तक मिटणारे वाचक आहेत. 'साहित्य म्हणून वाचा, पैसे कोणाचे हे कशाला विचारता?' असे म्हणणारेही आहेत. आमच्या मते दोघेही वाचनाचे कष्ट टाळतात.

प्रथम अण्णा भाऊ साठे ह्यांचे 'माझा रशियाचा प्रवास' पाहू. मराठीत रशियाचे प्रवासवर्णन नवे नव्हते. अनंत काणेकर ह्यांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० सालीच प्रसिद्ध झाले होते. पण काणेकर हे सुशिक्षित, मध्यमवर्गीय लेखक होते. अण्णा भाऊ वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मले, शाळेची पायरी जेमतेम चढले आणि वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. स्टालिनग्राडच्या लढ्यावर त्यांनी पोवाडा रचला तेव्हा त्यांनी ते शहर पाहिले नव्हते. १९६१ साली ते रशियाला गेले, ते 'फकिरा'चे लेखक म्हणून आणि त्या पोवाड्याचे शाहीर म्हणूनही.

ह्या पुस्तकाचे बळ लेखकाच्या उभे राहण्याच्या जागेत आहे. मुंबईच्या फुटपाथची आणि झोपडपट्टीची ओळख असलेला माणूस परक्या देशाचे रस्ते पाहतो, तेव्हा त्याला इमारतींची उंची मोजायची नसते. ह्या रस्त्यावर कोणी उपाशी आहे का, कोणाला उघड्यावर निजावे लागते का, हे त्याला पाहायचे असते. श्रम करणाऱ्याला तेथे मान आहे असे दिसताच तो हरखून जातो. हा हरख विकत घेतलेला नाही. ज्याला आपल्या देशात जातीने गावकुसाबाहेर ठेवले, त्याला परदेशात लेखक म्हणून सन्मानाने वागविले गेले. त्याने आनंद लपवावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? हे पुस्तक रशियाविषयी जेवढे सांगते, त्याहून अधिक ते आपल्या महाराष्ट्राविषयी सांगते, आणि म्हणूनच ते टिकले.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे समीक्षा सोडून स्तुती करणे होय. अण्णा भाऊ ज्या वर्षी गेले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. बोरिस पास्तरनाक ह्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ह्याच राज्याने त्यांना ते नाकारण्यास भाग पाडले आणि लेखकसंघातून त्यांची हकालपट्टी झाली. ख्रुश्चॉव्ह ह्यांच्या कारकिर्दीत १९५८ पासून धर्मविरोधी मोहीम जोरात होती, हजारो प्रार्थनामंदिरे बंद केली जात होती. एका लेखकाचे स्वागत करणारे हात दुसऱ्या लेखकाचा गळा दाबीत होते. पाहुण्याला दाराबाहेरचे हे चित्र कोण दाखविणार? म्हणून ह्या पुस्तकातील साक्ष आम्ही खरी मानतो, पण पुरी मानीत नाही. साक्षीदाराने पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले. त्याला काय पाहू दिले, हे ठरविणारे दुसरेच होते.

आता दुसरे पारडे. १९५० साली बर्लिनमध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही संस्था स्थापन झाली आणि १९५१ साली तिची परिषद मुंबईत भरली. साम्यवादी हुकूमशाहीविरुद्ध विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार हे तिचे ध्येय. जयप्रकाश नारायण तिच्याशी संबंधित होते, आणि आपले मराठी लेखक व सौंदर्यमीमांसक प्रभाकर पाध्ये ह्यांनी तिचे काम अनेक वर्षे सांभाळले. १९५५ साली तिच्या भारतीय शाखेने 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक काढले. निस्सीम इझिकेल त्याचे पहिले संपादक. पुढे पुण्याचे अ. भि. शहा ह्यांनी ते सांभाळले. आणि मग १९६६-६७ मध्ये उघडकीस आले, की मूळ संस्थेला अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, सीआयएचा, पैसा आडमार्गाने मिळत होता. स्वातंत्र्याचा झेंडा गुप्ततेच्या काठीवर फडकत होता.

ह्या गौप्यस्फोटाने पाध्ये ह्यांचे सारे लेखन रद्द ठरते काय? त्यांच्या 'सौंदर्यानुभव' ह्या ग्रंथाला १९८२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या ग्रंथातील विवेचन पटो वा न पटो, ते वॉशिंग्टनहून आले असे कोणी म्हणणार नाही. 'क्वेस्ट'ची कसोटी तर पुढे लागली. १९७५ साली आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर बंधने आली, आणि हे नियतकालिक त्या काळात बंद पडले. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली ते 'न्यू क्वेस्ट' ह्या नावाने पुण्यातून पुन्हा सुरू झाले. जो शब्द कोणाच्या तरी पैशावर उच्चारला गेला होता, तो पुन्हा उच्चारला गेला. मात्र ह्यामुळे गुप्त देणगीचा दोष धुऊन निघत नाही. वाचकाला न सांगता घेतलेला पैसा हा वाचकाशी केलेला अप्रामाणिकपणाच होय, मग त्या पैशातून छापलेला प्रत्येक शब्द खरा का असेना.

ह्या दोन पारड्यांच्या मध्ये एक तिसरा आवाजही आपल्या भूमीवर उमटला. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेनिमित्त पोप पॉल सहावे मुंबईस आले. राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि त्या खर्चाचा काही भाग जगातील गरिबांसाठीच्या निधीस द्यावा, असे आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केले. पोपमहोदय आणि अण्णा भाऊ ह्यांच्या विचारांत अंतर मोठे होते. पण दोघांचे मोजमाप एकच होते, ते म्हणजे उपाशी माणूस. कोणतीही महासत्ता त्या मापाला पुरी उतरली नाही.

वाचकहो, येथपर्यंत आम्ही इतरांची झडती घेतली. आता आपलीही घ्यावयास हवी, कारण 'तुमच्या पुस्तकांना पैसे कोण पुरविते?' हा प्रश्न मराठी ख्रिस्ती लेखकाला साहित्यिकांच्या मेळाव्यात आजही विचारला जातो. तो ऐकून आपल्याला राग येतो. पण अण्णा भाऊंना आणि पाध्यांना हाच प्रश्न विचारताना आपल्याला काही वाटत नाही.

आपल्या साहित्याचा आरंभ पाहा. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरच्या मुद्रणालयात छापले गेले. धर्मकार्याला आश्रय पोर्तुगीज सत्तेचा होता. तीही त्या काळची एक महासत्ताच. पण ह्याच सत्तेने १६८४ साली गोव्यातील लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. आश्रयदात्याची मर्जी फिरली, तरी पुराण मेले नाही. ते हस्तलिखित प्रतींतून जगले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती आपल्या ह्या पुण्यातच प्रसिद्ध झाली. स्टीफन्स ह्यांनी मराठी भाषेवर केलेले प्रेम राजाज्ञेने उपजले नव्हते, म्हणून राजाज्ञेने ते संपलेही नाही.

तेव्हा आमचे मत असे, की दान कोणाचे हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारावा आणि उत्तर उघडपणे सांगावे. पण निकाल त्या उत्तरावर देऊ नये. निकाल देताना हे पाहावे, की दात्याला न रुचणारे एखादे तरी वाक्य लेखक लिहू शकला का, आणि दाता गेल्यावर त्या पुस्तकाला वाचक उरला का. अण्णा भाऊंचे प्रवासवर्णन दुसऱ्या कसोटीला पूर्ण उतरते. सोव्हिएत राज्य गेले, पण सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत अण्णा भाऊंचा पुतळा उभा राहिला आणि महाराष्ट्रात ते पुस्तक अजून वाचले जाते. पहिल्या कसोटीला मात्र ते उणे पडते, आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे म्हणता आले पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका दरवर्षी निघतात. देणगीदारांची नावे आपण ठळक अक्षरांत छापतो, हे चांगलेच आहे. त्यात लपवाछपवी नाही. पण ह्या वर्षीची स्मरणिका हाती येईल तेव्हा तिच्यात देणगीदाराला, किंवा आपल्या धर्मगुरूंनाही, थोडे अस्वस्थ करील असे एखादे पान आहे का, ते शोधून पाहावे. ते सापडले, तर दोन महासत्तांच्या पुस्तकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण कमावला, असे समजावे.