कौतुकापलीकडची अक्षरे

उतारवयात शिकणाऱ्या माणसांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी कौतुकाचे असते. कौतुक वाईट नव्हे. परंतु ते फार लवकर संपते, आणि त्या माणसाने पुढे काय वाचले, काय लिहिले, हे विचारावयाचे राहून जाते. प्रस्तुत टिपणात हा प्रश्न एका शाळेला आणि एका पुस्तकाला विचारून पाहावयाचा आहे.

शाळा आहे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याच्या फांगणे गावची. ८ मार्च २०१६ रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची, आणि साहाय्य मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाचे. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास शिकू लागल्या. शिकविणारी गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासूही. ही वार्ता देशोदेशी गेली.

त्या वेळी जे लिहून आले त्यात गुलाबी साडी ठळक, आणि जिच्यासाठी ती नेसली ती ओढ पुसट. शिवजयंतीच्या सुमारास गावातील बायका वाचन करीत असता, आपल्यालाही वाचता आले असते तर बरे झाले असते, असे म्हाताऱ्या बोलून गेल्या. शाळेचे मूळ या बोलण्यात आहे. बँकेत अंगठा उठवावा लागतो याचीही त्यांना लाज वाटे. म्हणजे मागण्या दोन होत्या. पोथी आपली आपण वाचता यावी, आणि कागदावर आपले नाव आपल्या हाताने उमटावे. पहिली मनाची, दुसरी व्यवहाराची. ‘आजी शाळेत जाते’ या वाक्यातील गंमतीखाली दोन्ही झाकल्या गेल्या.

दुसऱ्या मागणीविषयी मला अनुभवाने बोलता येईल. राज्य शासनाच्या सेवेत असताना हजारो अंगठे माझ्या समोर उमटले. शाईची गादी पुढे सरकवायची, म्हातारीचा अंगठा धरून दाबायचा आणि ‘पुढचे’ म्हणायचे. कागदात काय आहे ते वाचून दाखविण्याचा नियम होता. गर्दीच्या दिवशी मी तो पाळला नाही, हे आज कबूल केले पाहिजे. अंगठा देणारा माणूस दुसऱ्याच्या वाचण्यावर विसंबून असतो, आणि तो दुसरा कधी कधी घाईत असतो. म्हणून सहीपुरते शिकणे क्षुल्लक मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. माझी तक्रार एवढीच की सही ही पायरी आहे, आणि आपले लेखन तिलाच गाभारा समजून हात जोडते.

आता पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरात. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. १९३६ मध्ये त्या वारल्या. सहज, साधे, निरागस, बोलल्यासारखे ही या पुस्तकाविषयी वारंवार येणारी विशेषणे. ती खोटी नाहीत, परंतु त्यांच्या आडून एक गृहीतक येते. बाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून त्या बोलल्या, आणि ते सुंदर निघाले, असे ते गृहीतक.

त्याला उत्तर त्यांच्याच दुसऱ्या कामात आहे. रेव्हरंड टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले असता १९१९ साली ते निवर्तले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ग्रंथ त्यांच्या पश्चात १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिच्या हाताला पोथीची भाषा आणि ओवीची चाल इतकी वश होती, तिने ‘स्मृतिचित्रे’ बोलभाषेत लिहिली ती निरुपायाने नव्हे. दोन भाषा हाताशी असताना तिने एक निवडली. ही निवड वयाने, वाचनाने आणि सरावाने येते. ‘स्मृतिचित्रे’तील साधेपणा हे शिक्षणाच्या अभावाचे लक्षण नसून दीर्घ, स्वयंपाकघरातून चाललेल्या शिक्षणाचे फळ आहे, असे माझे मत आहे.

येथे महामहोपाध्याय पां. वा. काणे आठवतात. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेच्या निमित्ताने सुरू झालेले त्यांचे काम धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड होऊन बसले. पहिला खंड १९३० चा, अखेरचा १९६२ चा. तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या म्हातारपणातील अभ्यासाला कोणी गंमत म्हटले नाही. त्याला व्यासंग म्हटले, आणि ते योग्यच होते. मग फांगण्याच्या आजीच्या पाटीला निराळा शब्द का? दोघांच्या विद्येत आकाशपाताळाचे अंतर आहे हे कोण नाकारील? परंतु काण्यांचे आपण पुस्तक पाहतो आणि आजीचे वय पाहतो. टीकेच्या दृष्टीने हा अन्याय आहे.

यात माझाही स्वार्थ आहे. आजोबांच्या पेटीत मोडीतील कागदांचे एक बाड निघाले. पदवीधर असूनही मला त्यातली ओळ लागेना. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही, लेखणी न उचलता ओढलेली अक्षरे. चौसष्टाव्या वर्षी मी मोडीचा ‘अ’ गिरवायला बसलो, आणि घरात जे कौतुक झाले त्याने मी थोडा दुखावलो. मला शाबासकी नको होती; त्या तिसऱ्या कागदात कोणत्या शेताचा उल्लेख आहे, हे कोणीतरी विचारावे असे वाटत होते. अंगठा देणाऱ्या त्या बायका समोर बसून काय पाहत असतील, हे मला त्या दिवशी कळले.

आपल्या आमलीच्या घरांपुढे हा प्रश्न मुदतीचा आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सेलवास मुक्त झाले, त्या दिवशी दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशी ओलांडून गेली आहे. नातवंडे बहुधा गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. तिची मराठी त्यांच्यापर्यंत बोलण्यातून पोहोचते तेवढीच. तिने पाहिलेले पोर्तुगीज अंमलातील घर, अंगण, बाजार अद्याप कागदावर आलेले नाही. ती लिहू शकत असेल तर तिच्यापुढे वही ठेवावी. शिकत असेल तर सहीनंतर थांबवू नये. तिने चार ओळी लिहिल्या तर त्यांतील ऱ्हस्व-दीर्घ आपण छापताना पाहू. आधी ओळी येऊ द्याव्यात. आणि त्या आल्यावर ‘या वयात!’ असे न म्हणता त्या वाचाव्यात, पटले नाही तर तिच्याशी वाद घालावा. लेखकाला आपण तसेच वागवतो.