गोळ्या पन्नास, बॅरल एक. मग ‘एन’ किती?

ओहायोतल्या माझ्या मावसभावाने मध्यंतरी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले. दोन्हींत नेमबाजीचं कागदी लक्ष्य, अंतर ५० यार्ड, प्रत्येकावर पाच भोकं. पहिल्या कागदावर सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर एक इंच, दुसऱ्यावर ०.६ इंच. खाली एक ओळ : "बॅरल बदललं. आता बोल, शास्त्रज्ञ!"

मी लगेच काही बोललो नाही. असाच पुरावा मीही माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात दिला होता आणि त्यात चार महिने घालवले होते. ते पुढे सांगतो.

आधी ती रायफल समजून घ्या. रुगर कंपनीची १०/२२ ही रायफल १९६४ साली अमेरिकेत बाजारात आली. नावातले दहा म्हणजे मॅगझिनमधली काडतुसं आणि बावीस म्हणजे पॉइंट टू-टू कॅलिबर. ट्रिगर दर गोळीला एकदा ओढायचा. रिकामी पुंगळी बाहेर फेकणं आणि नवं काडतूस आत घेणं ही कामं रायफल स्वतः करते. गंमत तिच्या रचनेत आहे. बॅरल व्ही-आकाराच्या एका ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी आवळलेलं असतं. दोन पिना काढल्या की ट्रिगरचा अख्खा संच हातात येतो. त्यामुळे सुट्या भागांची मोठी बाजारपेठच उभी राहिली : व्होल्क्वार्टसन, किड, ग्रीन माउंटन वगैरे. आज रुगरचा एकही भाग न वापरता अशी रायफल जुळवता येते. (आपल्याकडे शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही शस्त्रांच्या व्याख्येत येतात, तेव्हा हा सगळा तिकडचाच छंद समजा.)

या छंदाला मी हसत नाहीये. या लोकांची कारागिरी अव्वल असते. माझी तक्रार आहे ती ते पुरावा म्हणून पुढे करतात त्या कागदाबद्दल.

लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, म्हणजे तुमच्या भाषेत रेंज, हे फार चंचल माप आहे. ते फक्त दोन गोळ्यांवर ठरतं, बाकीच्या तीन नुसत्या साक्षीला. शिवाय गोळ्या वाढल्या की ते वाढतंच. गोळ्या नॉर्मल वितरणाने, सगळ्या दिशांना सारख्या पडतात असं धरलं, तर ज्या रायफलचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंच येतो, तिचाच तीन गोळ्यांचा साधारण ०.८ आणि दहा गोळ्यांचा सव्वा इंच येईल. रायफल तीच! म्हणून किती गोळ्या ते न सांगता नुसतं ‘माझी रायफल इंचाची आहे’ म्हणणं निरर्थक आहे.

आता पाच गोळ्यांच्या अशा ग्रुपचं प्रमाण विचलन सरासरीच्या जवळपास २७ टक्के असतं. काहीही न बदलता दोन ग्रुप मारले, तरी त्यांच्यात ०.४ इंच किंवा त्याहून जास्त फरक दहातून जवळजवळ तीन वेळा दिसेल. दादाच्या दोन फोटोंतला फरक नेमका एवढाच होता. आणि दहा ग्रुप मारून त्यातला सगळ्यात छान कागद पाकिटात ठेवला, तर तो ०.६ इंचाच्या आसपासच निघेल. कुणी खोटं बोललेलं नसतं. नऊ कागद कचऱ्यात गेले, एवढंच. विश्वास नसेल तर एक्सेलमध्ये यादृच्छिक आकडे घेऊन स्वतः करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

मी फोन करून विचारलं, "दादा, नुसतं बॅरलच बदललंस ना?" तर म्हणाला, "हो रे. म्हणजे दस्ता पण नवीन आहे. आणि गोळ्या यावेळी चांगल्या घेतल्या."

झालं!

गोळ्यांचा मुद्दा तर फारच मोठा आहे. रिमफायर काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेत भरलेलं असतं. ही काडतुसं घरी पुन्हा भरणं व्यवहारात होत नाही, कारखान्यातून जशी येतात तशीच वापरायची. म्हणून एकाच ब्रँडच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक घेतलं, ते याच जातीच्या काडतुसावर, अर्थात एकेक गोळी भरायच्या रायफलने. त्या पातळीवरचे नेमबाज रायफल शिकंज्यात धरून लॉट तपासतात, मग पेट्या उचलतात. इकडे दादाने बॅरल, दस्ता आणि गोळ्या एकदम बदलल्या आणि श्रेय दिलं बॅरलला.

न्यायाने एक सांगायला हवं. ट्रिगरबद्दलचे दावे बरेच भक्कम असतात. ट्रिगर किती वजनाला सुटतो हे काट्याने मोजता येतं, दहादा मोजलं तरी आकडे जवळजवळ येतात. फक्त त्यावरून ‘म्हणून ग्रुप लहान झाला’ अशी उडी मारू नका. हलका ट्रिगर नेमबाजाला मदत करतो, बॅरल होतं तसंच राहतं.

आता माझी गोष्ट. मी धातूवरच्या लेपाची झीज मोजतो. एका पत्र्यावर लेप दिला, त्याचे आठ तुकडे कापले, आठही घासले, आणि प्रकरणात ऐटीत लिहिलं : एन बरोबर आठ. एरर बार इतके देखणे की मीच खूश. मॅडमनी पान उलटलं आणि विचारलं, "पत्रे किती?" पत्रा एकच. म्हणजे त्या एका पत्र्याबद्दल मला भरपूर माहिती होती आणि लेपाच्या पद्धतीबद्दल एकाच नमुन्याची. हर्लबर्टने १९८४ साली पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांवर टीका करताना याच चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ म्हटलं होतं. मी तो शब्द नेटच्या तयारीत पाठही केला होता!

बॅरलचं तेच. एका बॅरलमधून पन्नास गोळ्या मारल्या, तर ते बॅरल कसं आहे ते कळतं. ‘अमुक कंपनीची बॅरल चांगली’ म्हणायचं, तर त्या कंपनीची अनेक बॅरल हवीत. तुमचा दावा कशाबद्दल आहे, त्यावर ‘एन’ ठरतो. गोळीबद्दल असेल तर गोळ्या मोजा, बॅरलबद्दल असेल तर बॅरल.

खरं तर १०/२२ हे प्रयोगासाठी इतकं सोयीचं यंत्र आहे की मला हेवा वाटतो. माझा घासलेला लेप परत येत नाही. दादाला दोन स्क्रू सैल करून जुनं बॅरल परत चढवता येतं : जुनं, नवं, पुन्हा जुनं, पुन्हा नवं, दस्ता एकच, लॉट एकच, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून, म्हणजे वारा आणि थकवा एकाच बॅरलच्या वाट्याला जाणार नाहीत. प्रत्येक बदलानंतर थोड्या गोळ्या मोजणीबाहेर सोडायच्या, कारण शिशाच्या गोळीवरचं वंगण नळीत बसायला वेळ घेतं. आणि सगळे कागद जपायचे, वाईटही.

हे सगळं दादाला समजावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे त्याच कंपनीची अजून चार-पाच बॅरल घ्यावी लागतील?"

"तसा दावा करायचा असेल तर, हो."

"मग ते तुझ्या वहिनीला तूच सांग."