‘ख्रिस्तपुराणा’तील श्रोता आणि आपली धर्मसभा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विषय निघाला की आपल्या सभासमारंभांतून मराठीच्या गौरवाच्या ओव्या म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या या १०,९६२ ओव्यांमधून आपण पाच-सहा ओव्याच काय त्या उचलल्या. त्या सुंदर आहेत, याविषयी वाद नाही. परंतु आपली धर्मसभा ‘आपण कोण आणि कोठे निघालो’ हा प्रश्न स्वतःला विचारीत असताना या ग्रंथाचे खरे मोल त्याच्या आरंभीच्या प्रसंगात आहे, असे आमचे मत आहे.

प्रसंग साष्टीतील आहे. धर्मशिक्षण आटोपले आहे. एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूंपुढे येऊन विचारतो की, आमची जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी आमच्यासाठी दुसरे पुराण का करीत नाही? प्रश्न नम्र आहे. पण त्यात तक्रार आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या रित्या झालेल्या संध्याकाळी त्यात आहेत. एवढा थोरला ग्रंथ या एका तक्रारीचे उत्तर म्हणून उभा राहिला आणि कवीने ती तक्रार लपविली नाही, ग्रंथाच्या दारातच ठेवली. पुढेही कथा चालू असता श्रोते पाद्रीगुरूंना थांबवून शंका विचारतात.

उत्तर देताना कवीने भाषेचा जो विवेक केला, तोही लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक, जे त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये छापले गेले, ते कोकणीत आहे. पुराण मात्र मराठीत. रोजच्या व्यवहाराची भाषा एक आणि पुराण ऐकण्याची सवय जिच्यात मुरली होती ती भाषा दुसरी, हे या इंग्रज येशूसंघीयाने नेमके ओळखले. स्वर्गाला त्यांनी निःशंकपणे वैकुंठ म्हटले. बाप्तिस्मा आणि क्रूस हे शब्द मात्र तसेच ठेवले. कोणता शब्द इथला घ्यावा आणि कोणता बरोबर आणावा, याचा निवाडा त्यांनी एकेका शब्दापाशी थांबून केला. (आपल्या प्रार्थनापुस्तकांतील काही शब्दांपाशी असे कोणी थांबले असते तर बरे झाले असते.) १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यपालाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी ग्रंथ मेला नाही, गोव्यात आणि कानडा मुलखात तो हस्तलिखितांतून जगला. पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ मध्ये मंगळूरला सालदान्हा यांनी तो पुन्हा छापला. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची आणि १९९६ मध्ये फादर द्रागो यांची देवनागरी आवृत्ती निघाली.

स्वतःची ओळख ठरविण्याची निराळी रीतही आपल्याकडे झाली. १८८७ मध्ये उत्तर कोकणातील कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्तीजनांहून आपण वेगळे, हे सरकारला कळावे हा त्यामागचा हेतू. हेतू समजण्यासारखा होता, पोटाचा होता. पण ते नाव बाहेर पाहून घेतलेले आहे. साष्टीचा श्रोता आत पाहून बोलतो.

मात्र ‘ख्रिस्तपुराणा’चेही उणे सांगितले पाहिजे. शंका विचारणाऱ्याचे समाधान बहुधा लवकर होते. तो अडून बसत नाही. आणि पहिला प्रश्न ब्राह्मणाचा आहे. मिठागरात किंवा शेतात राबणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला काय विचारायचे होते, ते त्या दारात ऐकू येत नाही.

भिवपुरीत बसून वाचताना हे उणे आम्हांला अधिकच बोचते. नेरळ ते कर्जत या पट्ट्यात मुंबईची जागा परवडेनाशी झालेली कुटुंबे येऊन राहिली. त्यांत गोव्याचे आहेत, मंगळूरचे आहेत, केरळचे आणि वसईचेही आहेत. मिस्सा कोणत्या भाषेत, यावर आपण तासन् तास बोलू शकतो. पण घाटावरून नळांतून उतरणाऱ्या पाण्यावर १९२२ पासून जेथे वीज तयार होते, त्या डोंगराच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. वीटभट्टीच्या हंगामात त्यांतील अनेक घरांना कुलूप लागते. आपली ओळख ठरविण्याच्या आपल्या चर्चेत ही घरे येत नाहीत.

२०२१ पासून सिनडच्या निमित्ताने जगभर ऐकण्याच्या बैठका झाल्या आणि २६ ऑक्टोबर २०२४ रोजी अंतिम दस्तऐवज संमत झाला. त्या प्रयत्नाचे मोल आम्ही कमी मानीत नाही. तरी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते: त्या वेळी प्रश्न रोमहून छापून आले होते आणि उत्तरे आपण द्यायची होती. पुराणात प्रश्न ओसरीवरून उठतो आणि उत्तरासाठी गुरूला लेखणी उचलावी लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या उपवासकाळात गौरवाच्या ओव्या बाजूला ठेवून आरंभीचा हा प्रसंग मोठ्याने वाचावा. वाचन संपल्यावर प्रवचन नको. वाडीवरच्या एखाद्या बाईला आधी बोलू द्यावे. ती कातकरी बोलीत बोलली तर अर्थ लावण्याचे कष्ट आपण घ्यावेत, आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरून ठेवावा.