वळूच्या फोटोखालचा आकडा जव्हारच्या कालवडीला काय सांगतो?

देशी वळूंची माहितीपत्रकं चाळलीत तर वळूच्या फोटोखाली बहुतेक वेळा एक आकडा दिसतो: त्याच्या आईचं एका वेतातलं दूध. प्रस्ताव लिहिताना तोच आकडा उचलायचा आणि 'उच्च आनुवंशिक क्षमतेचा वळू' असं लिहून मोकळं व्हायचं, ही सवय आपल्या क्षेत्रात फार आहे. आज या आकड्याची उलटतपासणी करू. उदाहरण घेऊ जव्हार-मोखाड्यातल्या डांगी कालवडीचं. पहिल्यांदाच गाभण राहणार असलेल्या या कालवडीला कोणता वळू द्यायचा?

आधी गणित. समजा, वळूची आई कळपाच्या सरासरीपेक्षा वेताला ८०० लिटर जास्त दूध देते. दुधाची हेरिटॅबिलिटी, म्हणजे गायीगायींतल्या फरकातला आनुवंशिक वाटा, ०.२५ धरू. मग या ८०० पैकी आनुवंशिक फरक अपेक्षित आहे २०० लिटरचा. बाकीचं श्रेय चारा, पेंड, निगा आणि नशिबाचं. आईचे निम्मे जनुक वळूकडे येतात, म्हणून १००. वळूचे निम्मे त्याच्या मुलीकडे जातात, म्हणून ५०. माहितीपत्रकातले ८०० लिटर गोठ्यात पोहोचेपर्यंत ५० झाले!

आणि हे ५० तरी किती पक्के? आईच्या एकाच वेताच्या नोंदीवरून वळूबद्दल बांधलेल्या अंदाजाची विश्वासार्हता हेरिटॅबिलिटीच्या एक चतुर्थांश असते. इथे ती येते जेमतेम सव्वासहा टक्के. याउलट त्याच वळूच्या १५ मुलींच्या दुधाची नोंद हाती असेल तर विश्वासार्हता ५० टक्क्यांवर जाते, ६० मुली असतील तर ८० टक्क्यांवर. म्हणून कुठलाही आकडा वाचताना तुमचा पहिला प्रश्न 'किती लिटर?' हा नसावा. 'कशावरून?' हा असावा.

इथे कुणीतरी म्हणेलच, 'मुलींची वाट कशाला बघायची, जीनोमिक निवड आहे ना!' आहे, आणि ती भक्कम आहे. म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये तिचा पाया घातला. २००९ पासून अमेरिकेत होल्स्टीन वळूंची अधिकृत जीनोमिक मूल्यं जाहीर होऊ लागली. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये देशी गायींसाठीची जीनोमिक चिप जाहीर झाली. पण चिप फक्त डीएनए वाचते. कोणत्या खुणेला किती गुण द्यायचे, हे शिकवायला संदर्भ कळप लागतो: ज्यांचा डीएनएही वाचलाय आणि ज्यांची कामगिरीही मोजलीय अशी हजारो जनावरं. एका जातीवर शिकलेलं सूत्र दुसऱ्या जातीला लावलं की अंदाज ढासळतो, कारण खूण आणि प्रत्यक्ष जनुक यांचं नातं जातीगणिक बदलतं. गीर किंवा साहिवालवर तयार केलेलं सूत्र डांगीला तसंच्या तसं चालेल असं गृहीत धरणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून आणण्यासारखं आहे.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गुण कोणता मोजायचा? मांसासाठी गायी पाळणाऱ्या देशांत अँगससारख्या जातीच्या कालवडीला वळू निवडताना आधी बघतात वासराचं जन्मवजन आणि सुलभ प्रसूती. पहिलटकरीण अडली तर वासरू जातं, कधी गायही जाते. वाढीचा आकडा कितीही देखणा असो, तो नंतर येतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मांसाचा निकष आपल्याला लागू नाही. पण 'कालवडीसाठी निकष वेगळा' ही शिस्त मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. लहान चणीच्या डांगी कालवडीला थोराड जातीचं सीमेन भरताना दुधाचा आकडा पाहिला आणि वासराचा आकार पाहिला नाही, तर धोका कुणाच्या गोठ्यात उभा राहतो? ज्याच्या पाड्यावर रात्री डॉक्टर पोहोचणं अवघड, त्याच्याच.

शिवाय डांगी ओळखली जाते ती दुधासाठी नाही. धो-धो पावसात टिकणारी तेलकट कातडी, काळे कठीण खूर आणि भातखाचरात चिखलणी ओढणारे बैल, ही तिची खरी कमाई. भात, नागली, वरईच्या उतारावरच्या शेतीत गोऱ्ह्याची किंमत जोतावर ठरते. यातला एकही गुण माहितीपत्रकात नाही. फाल्कनरने १९५२ मध्येच सुचवलं होतं की दोन वेगळ्या परिस्थितींतली कामगिरी हे दोन वेगळे गुण समजावेत. पेंड खाऊन गोठ्यात दिलेलं दूध आणि रानात चरून दिलेलं दूध हे म्हणूनच दोन गुण आहेत. पहिल्यातला अव्वल वळू दुसऱ्यातही अव्वल असेलच, हे गृहीत धरू नका, तपासा.

मग चिप जव्हारला निरुपयोगी का? नाही. गुरं मोकळी चरतात, नैसर्गिक रेतन होतं, वासराचा बाप कोण हे सांगणं कठीण असतं. बाप माहीत नसेल तर 'या वळूच्या मुली' हा हिशेबच मांडता येत नाही. डीएनएवरून पितृत्व ठरवणं हे इथे चिपचं पहिलं काम असू शकतं. भाकीत नंतर.

आणखी एक इशारा. भाकीत जमलं की मोजक्याच वळूंचं सीमेन सगळीकडे भरायचा मोह होतो. ४ वळू आणि ४०० गायी असतील तर प्रजननाच्या दृष्टीने तो कळप जेमतेम १६ जनावरांचा ठरतो, आणि दर पिढीला सुमारे ३ टक्के अंतःप्रजनन वाढतं. आकडा सुधारता सुधारता जातच आकसायची.

तुम्ही या भागावर प्रस्ताव लिहिणार असाल तर चिपच्या बजेटआधी नोंदवहीचं बजेट मांडा. कानातला बारा अंकी बिल्ला, पहिल्या वेताचं वय, व्यायला त्रास झाला का (सहज, मदत लागली, अडली), वासरू जगलं का, दोन वेतांतलं अंतर, बैल दिवसाला किती वेळ चिखलणी ओढतो. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, तेव्हा नोंद कोण ठेवणार, हेही पद्धतीच्या प्रकरणातच लिहा. आणि हे गुण निवडण्याआधी पाड्यावरच्या बाया-माणसांना विचारा, 'कोणती गाय तुम्ही कधीच विकणार नाही, आणि का?' त्या 'का'ची उत्तरं हीच तुमच्या निवड निर्देशांकाची पहिली यादी. प्रश्न सोपा वाटतो म्हणून तो पहिल्या आठवड्यात उरकू नका, एक पूर्ण पावसाळा त्याला द्या.