‘दिवास्वप्न’ संशोधनासाठी वाचताना : प्रयोग कुठे आहे आणि नोंद कुठे थांबते?

प्राथमिक शाळेवर संशोधन करायचं ठरवलं की कुणीतरी हमखास सांगतं, आधी गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ वाच. सल्ला चांगला आहे. पुस्तक छोटं आहे, भाषा सोपी आहे, दोन-तीन बैठकांत संपतं. अडचण नंतर येते. वाचून झाल्यावर बहुतेकांच्या वहीत एकच वाक्य उरतं : ‘कृतीतून शिकवलं की मुलं आनंदाने शिकतात.’ हे वाक्य कुठल्याही बी.एड.च्या गाईडमध्ये मिळतं, त्यासाठी हे पुस्तक कशाला?

मी एम.एस्सी. करून संशोधनाकडे आले, त्यामुळे ‘प्रयोग’ हा शब्द दिसला की आधी पद्धत शोधायची सवय आहे. म्हणून या लेखात ‘दिवास्वप्न’ थोडं वेगळ्या तऱ्हेने वाचू. समजा, आपल्याला पेठ तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या चौथीच्या वर्गावर संशोधन आराखडा लिहायचा आहे. त्या कामात हे पुस्तक किती उपयोगी पडेल आणि कुठे कमी पडेल?

आधी पुस्तकाबद्दल थोडक्यात. गिजुभाई (१८८५–१९३९) मूळचे वकील. १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झालं, तिथे त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. ‘दिवास्वप्न’ १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातीत आलं. ते आत्मचरित्र नाही आणि अहवालही नाही, ती कथा आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोग करायला एक वर्ग मागतो. अधिकाऱ्याला फारसा विश्वास नसतो, पण तो चौथीचा वर्ग देतो. अट एवढीच की वर्षाच्या शेवटी परीक्षेचा निकाल दिसला पाहिजे.

आता विज्ञानाचा माणूस इथेच हात वर करेल. तुलनेसाठी ठरवून घेतलेला दुसरा गट नाही. शिकवणारा, निरीक्षण करणारा आणि निष्कर्ष काढणारा एकच. शिवाय नवा, उत्साही माणूस वर्गात आला की काही दिवस सगळंच बदलतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या १९२० च्या दशकातल्या अभ्यासांवरून याला ‘हॉथॉर्न परिणाम’ असं नावच पडलंय : आपल्याकडे कुणी लक्ष देतंय हे कळलं की माणसं वेगळी वागतात. तेव्हा ‘दिवास्वप्न’चा दाखला देऊन ‘कृतियुक्त अध्यापन परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले आहे’ असं संदर्भ साहित्याच्या प्रकरणात लिहू नका. कथेने काही सिद्ध होत नाही. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथूनच येईल.

मग पुस्तक बाजूला ठेवायचं का? नाही. प्रयोग म्हणून ते कच्चं आहे, पण निरीक्षण कसं लिहावं याचा तो फार चांगला नमुना आहे.

पहिलाच दिवस बघा. लक्ष्मीराम तयारी करून येतो. वाचलेलं डोक्यात ताजं असतं, म्हणून तो मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो. खेळ पार फसतो. मुलं शांत बसायचं सोडून गोंगाट करतात आणि त्याचं नियोजन पहिल्याच दिवशी कोलमडतं. मग तो बदलतो, गोष्टीपासून सुरुवात करतो, आणि वर्ग हळूहळू त्याच्याकडे वळतो. आपल्याकडच्या किती कृतिसंशोधन अहवालांत फसलेला पहिला दिवस सापडतो? बहुतेकांत समस्या, उपाय, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि गुण वाढले, एवढंच असतं. उपाय मध्येच का बदलला, मुलांनी तो कसा धुडकावला, हे गाळलेलं असतं. खरं तर पुढच्या संशोधकाला तीच माहिती सगळ्यात जास्त लागते.

दुसरं बलस्थान म्हणजे रोजच्या बारीक गोष्टींना दिलेली जागा. वाढलेली नखं, विंचरलेले-न विंचरलेले केस, वर्गातलं छोटं ग्रंथालय, पाठांतराच्या धाकाशिवाय केलेली नाटकं, शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांची कुरकुर. शिकणं यातच घडतं हे गिजुभाईंना माहीत होतं. तुमच्या निरीक्षण सूचीत फक्त ‘विद्यार्थी सहभाग : उत्तम/मध्यम/कमी’ असे रकाने असतील, तर यातलं काहीच पकडीत येणार नाही.

आता कमी कुठे पडतं ते पाहू. ‘दिवास्वप्न’मधलं सगळं शिक्षकाच्या डोळ्यांतून दिसतं. मुलांचं घर येतं, पण शाळेच्या दारातून दिसेल तेवढंच : मूल अस्वच्छ का येतं, पालक लक्ष का देत नाहीत. मूल घरी कुठली भाषा बोलतं, शाळा सुटल्यावर काय काम करतं, वर्षातले किती महिने गावात असतं, हे प्रश्न कथेत उभेच राहत नाहीत. भावनगरच्या आसपासचा वर्ग डोळ्यांपुढे ठेवला तर ते कदाचित चालून जाईल. पेठमध्ये चालत नाही.

पेठ हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेचा, गुजरातला लागून असलेला आदिवासी तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली अशी वस्ती. शेती पावसावरची : भात, नागली, वरई. ती काढून झाली की हाताला काम उरत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीपासून दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत मजूर लागतात. बरीच कुटुंबं तिकडे उतरतात आणि त्यांच्याबरोबर काही मुलंही जातात.

याचा संशोधनाशी काय संबंध? एक कल्पित उदाहरण घेऊ. वर्गात ३० मुलं आहेत. २० मुलांचे सरासरी गुण ५०, उरलेल्या १० मुलांचे २०. जूनमध्ये सगळ्या वर्गाची सरासरी येते ४०. तुम्ही गोष्टी, खेळ, कार्डं असं सगळं करता आणि जानेवारीत उत्तरचाचणी घेता. तेव्हा ती १० मुलं बागेवर गेलेली आहेत. उरलेल्या २० मुलांत काहीही फरक पडलेला नाही, सरासरी अजून ५०च आहे. पण तुमच्या तक्त्यात ४० चे ५० झाले! एकही मूल नवं काही शिकलेलं नसताना १० गुणांची ‘वाढ’ दिसते, आणि जी मुलं सगळ्यात मागे होती ती आकड्यांतून गायब होतात. म्हणून पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी दोन्ही दिलेल्या मुलांचीच तुलना करायची, आणि गळालेली मुलं कोण, त्यांचे आधीचे गुण किती, हे वेगळं द्यायचं. गाळणी नेहमी सरसकट नसते, ती ठरावीक मुलांचीच होते.

मग घरापर्यंत जाणारी पाहणी घ्यावी का? प्रथम संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून तेच करते. कार्यकर्ते घरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. शाळेत न जाणारं, त्या दिवशी दांडी मारलेलं मूलही त्यात येतं. ही मोठी जमेची बाजू. पण त्यात जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं निवडली जातात. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. म्हणजे ‘असर’चा नाशिकचा आकडा उचलून तो पेठचा म्हणून वापरता येत नाही. आणि मूल अडखळलं हे त्यातून कळतं. वर्गात त्याच्याशी कोण, कसं, कुठल्या बोलीत बोललं, हे कळत नाही.

गिजुभाईंच्याच परंपरेतून याचं एक उत्तर पुढे आलं. भावनगरला त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. पेठसारखाच हाही डोंगराळ, आदिवासी मुलूख. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणावर नेली. ‘मूल का येत नाही?’ या प्रश्नाऐवजी ‘मूल आत्ता कुठे आहे?’ हा प्रश्न घेतला की पद्धतच बदलते. ‘दिवास्वप्न’च्या जोडीला कोसबाडच्या कामाबद्दल जरूर वाचा.

आराखडा लिहिताना तीन गोष्टी तरी आत घ्या. एक, हजेरीपटाच्या महिनावार नोंदी, म्हणजे घट दिवाळीनंतरची आहे की तुमच्या उपक्रमामुळे आलेली, हे वेगळं करता येईल. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर त्याचीही माहिती शाळेकडून मागा. दोन, वर्गात कोण कुठल्या बोलीत कधी बोललं. प्रमाण मराठीत गप्प असलेलं मूल कोकणात बडबडं असू शकतं, आणि तुमच्या सूचीत त्याच्यापुढे ‘सहभाग कमी’ लागतं. तीन, तुमचा फसलेला पहिला दिवस, तारखेसकट. ही तिसरी गोष्ट मात्र गिजुभाईंकडूनच शिकावी.

आणि गळालेल्या त्या मुलांसाठी प्रबंधात एक स्वतंत्र तक्ता ठेवा. मार्गदर्शक म्हणतील परिशिष्टात टाका, तरी तो मुख्य प्रकरणातच राहील असं बघा.